मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि खरे तास कसे काढायचे

नाशिकहून अमेरिकेला जायचं तर बहुतेकांचं विमान मुंबईचंच असतं, म्हणून हिशोब तिथूनच धरतो.

अंतर एका मिनिटात निघतं. ग्रेट सर्कल मॅपर या वेबसाइटवर दोन्ही विमानतळांचे कोड टाका, मुंबईचा बीओएम आणि न्यूयॉर्कच्या केनेडीचा जेएफके, साधारण १२,५५० किलोमीटर येतील. शहराचं नाव नको, कोडच टाका, बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे तसं अमेरिकेतही आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून तर मोजूच नका, पृथ्वी गोल आहे, जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर अंतराला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी सरासरी वेगाने, भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. सव्वापंधरा तास.

आता खरी गोची. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यांची सरळ वजाबाकी करायची नाही. समजा मुंबईहून पहाटे २ ला सुटतंय आणि त्याच तारखेला सकाळी ८ ला तिथे उतरतंय, लोक म्हणतात सहा तास! आधी उतरायची वेळ भारतीय वेळेत आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा, प्रवास साडेसोळा तासांचा. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊच. "अमेरिका साडेनऊ तास मागे" असं सरसकट सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं होतं. डिसेंबरात आई पहिल्यांदा एकटी गेली, मी बाबांना सांगितलं साडेपाचला उतरेल. साडेपाचपासून ते फोन हातात धरून ओट्यावर बसले, पावणेसहा, सहा, सव्वासहा, चहा तसाच गार झाला, कुणाला काही बोलवेना. विमान वेळेवरच होतं, माझा तास चुकला होता. तेव्हापासून प्रवासाच्या तारखेचा फरक बघितल्याशिवाय मी कुणालाही वेळ सांगत नाही.

येताना उलट, सुटायची वेळ भारतीय करा. हिवाळ्यात तिथून सकाळी ११ म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, साडेचौदा तास. येताना वेळ कमी लागतो कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते, जाताना तेच समोरून लागतात.

आणि तारीख नीट वाचा हो! १५ तारखेला पहाटे २ चं विमान म्हणजे नाशिक १४ च्या संध्याकाळी सोडायचं. विमानतळावर तीन तास आधी, रस्त्याचे चार तास, आता इगतपुरी ते आमणे समृद्धीने गेलं की कसारा घाट टळतो पण पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच, तिच्यासाठी एक तास वेगळा ठेवा. सहाला नाशिकचं द्वारका सर्कल मागे पडलेलं हवं.