कॅम्पबेलांचं कोट ऑफ आर्म्स: या चुका टाळा

जावई स्कॉटिश, आडनाव कॅम्पबेल. मग नेटवर 'कॅम्पबेल कोट ऑफ आर्म्स', म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, शोधायचं आणि पहिली सापडलेली ढाल मगावर किंवा लग्नपत्रिकेवर छापून टाकायची. सगळ्यात मोठी चूक हीच. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. सगळीकडे दिसणारी ती ढाल क्लॅनचे, म्हणजे कॅम्पबेल कुळाचे, प्रमुख ड्यूक ऑफ आर्गाइल यांची स्वतःची आहे. एडिनबरोच्या लॉर्ड लायन न्यायालयाकडे अशा ढालींची १६७२च्या कायद्यानुसार ठेवलेली नोंदवही आहे, आणि दुसऱ्याची ढाल आपली म्हणून मिरवणं तिथे आजही गुन्हा ठरतो.

क्लॅनमधल्या माणसाने लावायचा तो क्रेस्ट बॅज. प्रमुखाच्या शिरस्त्राणावरचं चिन्ह, म्हणजे इथे रानडुकराचं मुंडकं, आणि त्याभोवती बकल लावलेला पट्टा. पट्ट्यावर लॅटिन शब्द: 'ने ऑब्लिविस्कारिस', विसरू नकोस. हा पट्टाच महत्त्वाचा, कारण 'मी या प्रमुखाचा माणूस' असं तोच सांगतो. पट्ट्याऐवजी साधं कडं आणि मागे गरुडाची तीन पिसं असतील तर तो बॅज घेऊ नका. तो मान फक्त प्रमुखाचा.

दुसरी चूक अर्थ लावण्याची. 'काळा म्हणजे शोक, डुक्कर म्हणजे शौर्य' असे तक्ते कुठल्याही ढालीला चिकटवले जातात. ढालीवरच्या सोनेरी-काळ्या आठ त्रिकोणांचा अर्थ कुणी छातीठोकपणे सांगितला, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. खरा इतिहास हवा असेल तर ढालीच्या चार चौकोनांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं गलबत नीट बघा. चंदेरी पार्श्वभूमीवर काळं गलबत, शीड गुंडाळलेलं, वल्ही चाललेली, लाल निशाणं फडकताहेत. हे लॉर्नचं गलबत. आर्गाइलचे पहिले अर्ल कॉलिन कॅम्पबेल यांच्याकडे १४७० मध्ये लॉर्नची जहागीर आली आणि तिच्याबरोबर हे चिन्हही आलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या खाड्या-बेटांच्या मुलखात ज्याच्या हाती गलबतं, त्याची सत्ता. म्हणून नुसत्या त्रिकोणांची ढाल दिसली तर ती चुकीची समजू नका, ती या घराण्याची जुनी ढाल आहे.

आणि ऑर्डर देण्याआधी कुठले कॅम्पबेल ते विचारून घ्या. ब्रेडलबेन शाखेचं ब्रीद 'फॉलो मी' आहे, तर कॉडर शाखेच्या क्रेस्टवर डुक्कर नाहीच, हंस आहे.