परदेशी सुनेचं भारतीय नागरिकत्व: सात वर्षांची फाइल कशी सांभाळायची

लग्न करून आलेली सून नेपाळची असो, बांगलादेशची असो की जर्मनीची, लग्नामुळे नागरिकत्व आपोआप मिळत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(सी) खाली अर्ज करावा लागतो. परदेशी जावयालाही हाच नियम. आधीच्या वर्षांतल्या ढिलाईमुळे अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून तयारी लग्नाच्या वर्षापासूनच करा.

अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. त्याचा हिशेब असा: अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. शेवटच्या वर्षात माहेरची एक फेरीही अर्ज अडवू शकते. खास कारण असेल तर केंद्र सरकार ३० दिवसांपर्यंत सूट देतं, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. प्रत्येक प्रवासाची तारीख वहीत लिहा. जुने पासपोर्ट जपून ठेवा. शिक्के त्यांतच असतात.

व्हिसाची मुदत कधीही संपू देऊ नका. मुदतीनंतर राहणारी व्यक्ती कायद्यानं अवैध स्थलांतरित ठरते आणि तिला या कलमाखाली अर्जच करता येत नाही. (नेपाळी नागरिकांना व्हिसा लागत नाही.) मुदत संपू दिल्याचा फटका लेकरालाही बसतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्मानं नागरिक ठरायला आईबापांपैकी एक भारतीय असणं पुरत नाही. जन्माच्या वेळी दुसरं अवैध स्थलांतरित नसावं लागतं. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर वेळेआधी करा.

आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची हौस असते. घरात हवं त्या नावानं हाक मारा, पण विवाह नोंदणी, बँक, दवाखाना, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव आणि तेच स्पेलिंग द्या.

नवऱ्याचा भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो. खेड्यात कधी कधी जन्माची नोंदच नसते. उशिरा नोंद करायला हेलपाटे पडतात. पासपोर्ट काढणं सहसा सोपं.

आणि एक कळकळीची विनंती: 'मतदान कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. नागरिक नसताना मतदार यादीसाठी खोटं निवेदन देणं गुन्हा आहे, आणि तोच कागद पुढं फाइलीत आडवा येतो. आधार परदेशी रहिवाशालाही मिळतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही.

अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरायचा आणि प्रत कागदपत्रांसह कलेक्टर कचेरीत द्यायची. पोचपावती घ्याच. मग पोलिस चौकशी होते. बीड, धाराशिवकडं घरची माणसं ऊसतोडीला गेलेली असली की घराला कुलूप दिसतं आणि अहवालात 'पत्त्यावर आढळले नाहीत' असं जातं. बाहेर जाणार असाल तर ठाण्यात लेखी कळवा. मूळ देशाचं नागरिकत्व मात्र मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच सोडा. घाई केली तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. शेवटी निष्ठेची शपथ, मग प्रमाणपत्र.

मदत फुकट मिळते, हे फार घरांना माहीत नसतं. विधी सेवा कायदा, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. सासरी मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिलाही लागू आहे. महिला हेल्पलाइन १८१. नागरिकत्व नसलं तरी घटनेचं कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) तिचं रक्षण करतं.

फाइल अडली तर माहितीचा अधिकार नवऱ्यानं वापरावा, कारण तो हक्क फक्त नागरिकांना आहे. अर्ज नामंजूर झाला तर ३० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. निर्णयच होत नसेल तर उच्च न्यायालयात (मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात) रिट याचिका दाखल करा. कोर्ट नागरिकत्व देत नाही, पण ठराविक मुदतीत निर्णय घ्या असा आदेश देऊ शकतं.