अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स : या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून चार-एक तास गाडी चालवत लोक उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट काउंटीच्या रेडवूड (महाकाय झाडांच्या) जंगलात जातात आणि ते हायवेवरूनच पाहून परततात. मला याची फार हळहळ वाटते. जीपीएस वेळ वाचवायला हायवे १०१ वरूनच नेतो. अ‍ॅव्हेन्यू म्हणजे याच हायवेचा जुना रस्ता, आताचा स्टेट रूट २५४, सुमारे ५० किलोमीटरचा. म्हणून जीपीएसमध्ये फक्त शेवटचं गाव न भरता अ‍ॅव्हेन्यूवरची फिलिप्सव्हिल, मायर्स फ्लॅट, वीऑट ही गावं थांबे म्हणून भरा. पहिला फाटा चुकला तरी पुढच्या एक्झिटवरून आत वळता येतं. नकाशा मात्र आधीच डाउनलोड करा, झाडीत नेटवर्क जातं. पेट्रोल गार्बरव्हिललाच भरून घ्या.

भर दुपारीही इथे सावली दाट असते. गॉगल काढा, हेडलाइट लावा. फोटोसाठी रस्त्यात थांबू नका, गाडी कडेच्या मोकळ्या जागेत पूर्ण आत घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडीतून न उतरणं. काचेतून नुसते बुंधे दिसतात, शेंडा कुठला दिसायला! फाउंडर्स ग्रोव्ह या रेडवूडच्या राईत उतराच. १९९१ साली कोसळलेला डायरव्हिल जायंट नावाचा रेडवूड वृक्ष तिथे आडवा पडला आहे. उभा होता तेव्हा तो ११० मीटरच्या आसपास होता. त्याच्या कडेने बुडापासून शेंड्याकडे चालत गेलात की उंची पायांना कळते. बुडाशी उपटलेली मुळंही बघा. एवढ्या झाडाची मुळं जेमतेम दोन-चार मीटर खोल जातात, बाकी सगळा पसारा आडवा. म्हणूनच पायवाट सोडू नये, आपल्या पावलांनी माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

‘सगळ्यात उंच झाड’ शोधायलाही निघू नका. ते झाड, म्हणजे हायपेरियन, इथे नाही, पार उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कमध्ये आहे. पर्यटकांनी तिथली जमीन तुडवल्यामुळे २०२२ मध्ये तो भाग बंद केला. तिथे शिरल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

मुलांना झाडातून गाडी न्यायची हौस असते. त्यासाठी लेगेट गावात शँडेलिअर ट्री आहे, पण त्याच्या बुंध्यातलं भोक सुमारे ६ फूट रुंद आहे. मोठी मिनीव्हॅन त्याहून रुंद असते, तेव्हा निघण्याआधी आपल्या गाडीचं माप बघा.

वेळ कमी असेल तर मी हे झाड गाळेन आणि मॅटोल रोडने रॉकफेलर फॉरेस्ट या रेडवूडच्या जंगलात जाईन. रस्ता अरुंद आहे, मोठी आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) नेऊ नका. तिथे इंजिन बंद करून अर्धा तास तरी चाला.