शिक्षक विनिमय दौऱ्यावर अमेरिकेला जाताना तयारी कशी करावी

१९४६ साली सुरू झालेल्या फुलब्राइट योजनेतून भारतातले शिक्षकही अमेरिकेतल्या शाळांत जाऊन येतात. निवडीचं पत्र आलं की आपण आधी बॅग घ्यायला धावतो. बॅग शेवटी. सुरुवात नावापासून करा.

सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच, असं कितीतरी शिक्षिकांचं असतं. तिकडून येणाऱ्या डीएस-२०१९ या कागदावरचं, म्हणजे विनिमय दौऱ्यासाठीच्या पात्रतेच्या प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा पतीचं नाव स्वतःच्या नावाला जोडून येतं, ते अर्जात गाळू नका. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा, कारण जे-१ या विनिमय दौऱ्याच्या व्हिसासाठीचा डीएस-१६० अर्ज याच कागदाच्या आधारे भरायचा असतो. सही करण्याआधी दोन वर्षांची अटही वाचा, म्हणजे दौऱ्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची. दौरा सरकारी पैशातून असेल तर ती सहसा लागू होते. ती पुरी होईपर्यंत नोकरीसाठीचा एच किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही.

त्याच आठवड्यात ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा प्रस्ताव टाका. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर फाइल मुख्याध्यापकांपासून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी फिरते. प्रत्येक टेबलावर पोच घ्या आणि आवक क्रमांक वहीत लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्यामागे वर्ग कोण घेणार? जे येतील त्यांच्यासाठी एक वही करा, मुलामागे एक पान. कोण जोडाक्षरांपाशी अडतं, कुणाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, कोण घरी दुसरी बोली बोलतं म्हणून वर्गात गप्प बसतं. मला ही वही व्हिसाइतकीच गरजेची वाटते. आपल्या शिकण्याची किंमत आपल्या मुलांनी मोजू नये.

मग तिथे घ्यायचा एक पाठ बसवा. देशाची ओळख करून देणारं भाषण नको, मुलांच्या हाताला काम द्या. वारली चित्र उत्तम. वर्तुळ म्हणजे डोकं, टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची गोल रांग. म्हणजे चित्रातून भूमितीही होते. मूळ चित्र तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी टोकाशी चावून केलेल्या कुंचल्यानं काढतात, हे जरूर सांगा. सोबत खाकी कागद आणि पांढरा पोस्टर रंग पुरतो. पाठ आधी आपल्याच वर्गात इंग्रजीतून घेऊन पाहा, कुठे शब्द अडतो ते लगेच कळतं. आणि तिथल्या मुलांचे फोटो शाळेला विचारल्याशिवाय काढू नका.

बॅगेचं थोडक्यात: पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा. तिथली वीज १२० व्होल्टची असते, म्हणून चार्जरवरचे आकडे पाहा. फळं, बियाणं, मांस नको, आणि लाडू-चटणी नेलीच तर विमानतळावर सांगून टाका.

शेवटी, आपल्या मुलांशी बोलायची वेळ ठरवा. शनिवारी आपली सकाळची शाळा साडेसातला भरत असेल, तर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात शुक्रवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. तेवढा वेळ राखून ठेवा, आणि निघण्याआधी प्रत्येकाकडून एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. त्या चिठ्ठ्या पासपोर्टसोबतच ठेवा.