बडोद्यात बसून आफ्रिकेचा अभ्यास: जमातीच्या हिशेबात अडकू नका

आफ्रिकेच्या आजच्या राजकारणावर एमएचा लघुप्रबंध किंवा पीएचडी करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. 54 देश, बर्लिन परिषद, 1963 ची आफ्रिकी एकता संघटना, तिच्या जागी 2002 मध्ये आलेला आफ्रिकी संघ, हे तुम्हाला पाठ असणार. ते सोडून देते.

माझे सगळ्यात जास्त महिने ज्यानं खाल्ले, ते आधी सांगते. आपण राज्यशास्त्राला येतो तेच जातीची समीकरणं ऐकत. पाटीदार किती, क्षत्रिय किती, मराठे कुठे झुकले. तीच नजर घेऊन केनिया वाचायला बसलं की किकुयू, लुओ, कालेंजिन अशी जमातींची नावं पटापट खणात बसतात. त्यात 2007 च्या निवडणुकीनंतरचा हिंसाचार वाचला की सगळं जमातीवरच ठरतं अशी खात्रीच पटते. माझा पहिला आराखडा असाच होता. इतका नीट जमलेला, की मोडवेना.

आता 2022 ची निवडणूक बघा. मावळते अध्यक्ष उहुरू केन्याटा किकुयू. त्यांनी पाठिंबा दिला रायला ओडिंगांना, म्हणजे लुओ नेत्याला. दोन्ही बाजूंनी उपाध्यक्षपदासाठी किकुयू उमेदवारच उभे केले होते. आणि केन्याटांच्या हक्काच्या माउंट केनिया पट्ट्यानं भरभरून मतं टाकली ती विल्यम रुटोंच्या पारड्यात, जे कालेंजिन. रुटो बोलत होते हातावर पोट असलेल्यांबद्दल, घराणेशाहीविरुद्ध. दोन वर्षांनी, जून 2024 मध्ये, करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर आली तेव्हा ती उघड सांगत होती की आम्हाला ना जमात, ना पक्ष, ना नेता. अध्यक्ष झालेल्या रुटोंना ते विधेयक सोडून द्यावं लागलं. लोक तेच, जमाती त्याच, निकाल मात्र वेगळा. मग कारण जमात कसं असेल?

यावर एक उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. चेवा आणि टुंबुका हे दोन समाज मलावीतही आहेत, झांबियातही. मधली सीमा ब्रिटिशांनी आखलेली. डॅनियल पोस्नर या अभ्यासकानं 2004 मध्ये दाखवून दिलं की मलावीत हे दोघं एकमेकांकडे राजकीय प्रतिस्पर्धी म्हणून बघतात आणि सीमेपलीकडे झांबियात मित्र म्हणून. भाषा त्याच, चालीरीती त्याच. फरक आकाराचा. मलावीत दोन्ही समाज देशाच्या मानानं मोठे, म्हणून त्यांच्या नावानं मतं मागणं पुढाऱ्याला परवडतं. झांबियात दोघंही लहान, एकेकट्याच्या जोरावर सत्ता येत नाही, म्हणून दोघं मिळून 'पूर्वेकडचे' होतात. भेद तर दोन्हीकडे आहे. त्याला धार लावण्यात कुणाचा फायदा आहे, हा खरा प्रश्न.

टांझानियात शंभरावर जमाती, तरी देश सावरून राहिला. सोमालियात बहुतेकांची भाषा एक, धर्म एक, तरी 1991 मध्ये राज्यसंस्था कोसळली. या दोन ओळी टेबलासमोर चिकटवून ठेवा.

याचा अर्थ जमात खोटी असा घेऊ नका, ती दुसरी चूक. रवांडात 1994 मध्ये माणसं ओळखपत्रावरच्या हुतू-तुत्सी या नोंदीवरून मारली गेली. पण ती नोंद कार्डावर आणली बेल्जियन प्रशासनानं, आणि दोघांचीही भाषा किन्यारवांडाच. तेव्हा जमात दिसली की थांबायचं नाही, तिथून चौकशी सुरू करायची.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडक आहे. जो तुम्हाला पहिल्याच भेटीत 'भारत-आफ्रिका संबंध' हा विषय देतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो विषय सोपा वाटतो, कारण सगळी कागदपत्रं दिल्लीची असतात. चार वर्षांनी तुम्हाला परराष्ट्र मंत्रालय कळलेलं असतं, आफ्रिका नाही. मार्गदर्शक आफ्रिकेत गेलेला नसला तरी चालेल, पण 'कुठला देश, कुठलं वर्ष' असं टोकणारा हवा. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आणि खनिजांचे नकाशे दाखवणारे व्हिडिओ बंद करा. मी हे अगदी मनापासून सांगतेय.

घाबरू नका, इथूनही खूप होतं. अफ्रोबॅरोमीटर 1999 पासून जनमत चाचण्या घेतंय, तिशीहून जास्त देशांत, आणि त्यांची आकडेवारी फुकट मिळते. 'द कॉन्टिनेंट' हे साप्ताहिक व्हॉट्सअॅपवर येतं, आफ्रिकेतलेच पत्रकार लिहितात. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी 2025 मध्ये इकोवासमधून, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून, बाहेर पडले. तिथं लोक रागावले ते कशावर, हे इंग्रजीतून अर्धवटच कळतं. म्हणून फ्रेंच शिका. पूर्व आफ्रिका घेणार असाल तर स्वाहिली. भाषेशिवाय पीएचडी करता येते म्हणणाऱ्याचं ऐकू नका. संस्कृतीही वेगळ्या प्रकरणात ढकलू नका. सेनेगलमध्ये 2011 साली रॅपर आणि पत्रकारांनी मिळून चळवळ उभी केली. युगांडात 1986 पासून सत्तेवर असलेल्या मुसेवेनींना 2021 मध्ये आव्हान दिलं ते बॉबी वाइन या गायकानं.

बडोद्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं आहेत. त्यांना 'आफ्रिकेत काय चाललंय' असं विचारू नका. घानाच्या मुलीला तिच्या गावच्या खासदाराबद्दल विचारा, डिसेंबर 2024 मध्ये जॉन महामा पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा तिच्या घरी काय बोलणं झालं ते विचारा. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं हाकललेल्या गुजराती कुटुंबांतले म्हातारे काका-काकूही भेटतील. त्यांचं दुःख खरं आहे, जरूर ऐका. पण तो दुकानाच्या गल्ल्यामागून दिसलेला युगांडा. समोर उभ्या गिऱ्हाइकाचा वेगळा असणार, तोही शोधा.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन अभ्यास केंद्र गाडीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. अर्ज भरण्याआधी तिथल्या दोन-तीन संशोधकांना भेटा आणि सरळ विचारा, शिष्यवृत्ती संपल्यावर तुम्ही कशावर राहिलात?