मासा सोडायचा की खायचा, हे गळ टाकण्याआधी ठरवा

मासा हातात आल्यावर ‘याचं काय करू?’ असा विचार सुरू केलात, तर तुमचं ठरेपर्यंत तो निम्मा मेलेला असतो. मग जड मनाने सोडलेला तो मासा थोड्या वेळाने पलीकडे पोट वर करून तरंगतो. पाण्याला त्याचा उपयोग नाही आणि ताटालाही नाही. अशा फुकट मरणाचा मला मनापासून राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या पाण्याचे नियम वाचा: कोणती जात, किती मोठी, किती नग, कोणता हंगाम. काही ठिकाणी सोडणं सक्तीचं असतं. उलट स्वित्झर्लंडमध्ये सोडायच्याच इराद्याने मासा पकडायला मनाई आहे. नियमात बसत असेल तर खायला मधल्या आकाराचा ठेवा. लहान सोडावा हे सगळ्यांना पटतं, मोठी मादी सोडायला मात्र हात धजत नाही. पण बऱ्याच जातींत मादीचं वजन दुप्पट झालं की अंडी दुपटीहूनही जास्त होतात. तिला जाऊ द्या.

सोडण्यासाठी पकडत असाल तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. ‘मग मासा निसटतो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दोरी ताणलेली ठेवली तर सहसा निसटत नाही. तीन टोकांचा गळ काढून एकेरी लावा. आमिष लावणार असाल तर सर्कल हुक घ्या. त्याचं टोक आत वळलेलं असल्यामुळे तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मात्र ओढ जाणवल्यावर हिसका द्यायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळत राहायचं. दोरी पुरेशी मजबूत घ्या आणि मासा लवकर जवळ आणा. बारीक दोरीवर त्याला दमवत राहण्यात कसलंही कौशल्य नाही.

आता खरं अवघड काम: गळ काढणं आणि सोडणं. इथे मी पहिली काही वर्षं सतत चुकत होते. मासा गवतावर ठेवायचे, निसटू नये म्हणून कोरड्या फडक्यात घट्ट धरायचे, आणि गळ घशात गेला असेल तर पकड आत घालून तो निघेपर्यंत पिळत राहायचे. ‘गळ आत ठेवून सोडू नये’ असं मला शिकवलं होतं. एका दुपारी असाच सोडलेला मासा माझ्या पायांजवळच कुशीवर कलंडला, कल्ल्यांतून रक्ताची रेघ निघत होती. त्या दिवसापासून मी या तिन्ही सवयी सोडल्या.

पहिली, पाण्याबाहेर काढण्याची. कल्ल्यांतले बारीक पापुद्रे पाण्यात सुटे राहतात. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. १९९२ साली कॅनडात रेनबो ट्राउट या माशावर झालेल्या एका प्रयोगाचे आकडे मला कायमचे लक्षात राहिले आहेत. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के १२ तासांत मेले. दमवून अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२. प्रत्येक जातीचे आकडे इतके वाईट नसतील, पण धडा तोच आहे. गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा उचला, दहा अंक मोजा आणि परत पाण्यात.

दुसरी, कोरड्या हाताची. अंगावरचा बुळबुळीत थर हे माशाचं संसर्गापासूनचं संरक्षण आहे, आणि कोरडं फडकं तोच थर पुसून काढतं. हात ओले करा, जाळी रबराची वापरा. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. कल्ल्यांत बोट कधीही घालू नका, आणि जड मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका.

तिसरी, खोल गेलेला गळ उपटण्याची. गळाचा बाक दिसत असेल तर तो आला त्याच वाटेने मागे ढकला. दिसत नसेल तर तोंडाजवळ दोरी कापा आणि मासा सोडून द्या. हे निर्दयीपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण गळ उपटलेल्या माशांपेक्षा दोरी कापलेले मासे जास्त जगतात. पुष्कळदा तो गळ झिजतो किंवा मासा तो टाकून देतो. म्हणूनच न गंजणारा स्टेनलेस गळ वापरू नका. कल्ले फाटून रक्त वाहत असेल आणि नियम परवानगी देत असेल, तर तो मासा खाण्यासाठी ठेवा आणि त्या दिवसाच्या हिशोबात धरा.

सोडताना त्याला पाण्यात मागेपुढे हलवायचं, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडायला हवं. मागे ओढलात की ते उलटं वाहतं. मासा सरळ धरून तोंड प्रवाहाकडे करा. पाणी संथ असेल तर त्याला हळूहळू पुढेच न्या. हलकेच कलता करून पाहा. तो स्वतःहून सरळ झाला आणि शेपटीने हिसका दिला की हात सोडा, त्याआधी नाही.

पाणी तापलेलं असेल तर सोडण्यासाठी मासेमारी करूच नका. १० अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. दमलेल्या माशाला नेमका तेव्हाच तो जास्त लागतो. खोल पाण्याचंही तसंच आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे वर येताना माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर पडतं. त्या जठराला टोचू नका. वजन लावून माशाला पुन्हा खाली पोहोचवायचं साधन जवळ नसेल, तर सोडण्यासाठी तिथे गळ टाकू नका.

खायचा ठरला असेल तर त्याला बादलीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जड दांडक्याचा एक जोरदार घाव घाला, लगेच कल्ले कापा आणि रक्त वाहून जाऊ द्या. मग बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा ते लवकर गार करतं. पोट लवकर साफ करा, यकृताजवळची हिरवट पित्ताची पिशवी फोडू नका. बांगडा, ट्यूना अशा माशांना बर्फ लावायला उशीर झाला तर त्यांत हिस्टामिन नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि तो शिजवूनही जात नाही. असा मासा टाकून द्या.

मासा ताठरलेला असताना त्याचे काप काढू नका, मांस फाटतं. बर्फात राहू द्या, अंग पुन्हा सैल झालं की सुरी लावा.