ईसीपीआर करताना या चुका टाळा

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला सीपीआर चालू असतानाच एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत आत पंप करणाऱ्या मशीनवर) घ्यायचं, म्हणजे ईसीपीआर करायचं ठरलं की सगळ्यांचे डोळे मशीनकडे लागतात. खरं नुकसान बहुतेक वेळा त्याआधीच झालेलं असतं. ‘अजून दोन शॉक देऊन बघू’ म्हणता म्हणता अर्धा तास निघून जातो.

मिनिआपोलिसच्या अरेस्ट चाचणीत (2020) तीन शॉकनंतरही फिब्रिलेशन (हृदयाची निरुपयोगी थरथर) न थांबलेले रुग्ण घेतले होते. एक्मो मिळालेल्या गटातले 14 पैकी 6 रुग्ण जिवंत घरी गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातला 15 पैकी फक्त 1. नेदरलँड्सच्या 10 रुग्णालयांतल्या इन्सेप्शन चाचणीत (2023) मात्र 30 दिवसांनी मेंदू शाबूत राहून जगलेले होते एक्मो गटात 20 टक्के आणि दुसऱ्या गटात 16 टक्के, म्हणजे ठोस फरक नाहीच. माझ्या मते यात टीमच्या सरावाचा आणि वेगाचा वाटा मोठा आहे. म्हणून तिसरा शॉक वाया गेला की त्याच क्षणी टीमला बोलवा. कोसळल्यापासून साधारण तासाभरात पंप फिरायला हवा. कोसळताना कुणी पाहिलंच नाही, कॉम्प्रेशनही (छातीवरचे दाब) मिळाले नाहीत, अशा रुग्णाला नाही म्हणणं जिवावर येतं, तरी म्हणावं लागतं.

दुसरी मोठी चूक एक्मोच्या नळ्या घालताना जांघेत होते. बोटाला ठोका लागला म्हणजे ती धमनीच, असं धरू नका. कॉम्प्रेशनचा धक्का शिरेतही जाणवतो. रक्ताच्या रंगावरही जाऊ नका, अशा वेळी धमनीतलं रक्तसुद्धा काळपट असतं. सुई सोनोग्राफीखालीच घाला. नळीला वाट दाखवणारी एक वायर महाशिरेतून उजव्या कर्णिकेकडे (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याकडे) आणि दुसरी महाधमनीत गेलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत डायलेटर (भोक रुंद करणारी नळी) हातात घेऊ नका. दोन्ही वायर एकाच रक्तवाहिनीत गेल्याचं उशिरा कळलं, तर गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. कॉम्प्रेशन थांबवावेच लागले, तर काही सेकंदच.

मशीनचा फ्लो (रक्तप्रवाह) सुरू झाला की ॲड्रेनलिनचे बोलस (एकदम दिलेले डोस) बंद. शिरेची नळी थरथरायला लागली आणि फ्लो पडला, तर हात आपोआप आरपीएम (पंपाचा वेग) वाढवायला जातो. तिथेच थांबा, त्याने शीर आणखी ओढली जाते. आरपीएम थोडे उतरवा, मग रक्तस्राव, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून पडणारा दाब) आणि कॅन्युलाची (एक्मोच्या नळीची) जागा बघा.

धमनीच्या दाबाची रेषा सपाट झाली की इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. महाधमनीची झडप उघडत नसेल, तर डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) फुगते आणि फुप्फुसात पाणी भरतं. दाबाची लाइन उजव्या मनगटातच हवी: हृदय सावरू लागलं की मेंदूकडे कमी ऑक्सिजनचं रक्त जाऊ शकतं, आणि पायातला रक्ताचा नमुना तरीही उत्तम दिसतो. नळी घातलेला पाय गार पडण्याची वाट न बघता त्याच्यासाठी वेगळी बारीक कॅन्युला घाला.

आणि रुग्ण आयसीयूत नेण्याआधी कॅथ लॅबला (अँजिओग्राफीच्या खोलीत) न्या. पंप फिरतोय म्हणून सगळे निवांत होतात, पण ज्या कोरोनरीने (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीने) हा घात केला, ती अजून बंदच असू शकते.